ब्याऐंशी अंशांचे भिंग

मी १९८६ साली नाशिकच्या मध्यवर्ती संकल्पचित्र संघटनेत अनुरेखक म्हणून लागले आणि २०२१ मध्ये आरेखक पदावरून निवृत्त झाले. धरणांचे छेद, सांडव्यांचे आराखडे, दरवाजांचे बारीकसारीक तपशील ट्रेसिंगच्या कागदावर शाईने उतरवायचे, हे पहिल्या पंधरा वर्षांतले काम. पुढे संगणक आला आणि रॉटरिंगची पेने खणात गेली. चष्मा मात्र शाळेपासूनच होता. उजव्या डोळ्याचा नंबर उणे साडेपाच, शिवाय सिलिंडरचा, म्हणजे एकाच दिशेतला दोष सुधारणारा, उणे दोन, अक्ष १७२. हा १७२ चा आकडा चष्म्याच्या चिठ्ठीवर मी वर्षानुवर्षे पाहत आले होते, पण कोनमापकाशी रोजचा संबंध असूनही तो अंशांचा आकडा आहे, हे माझ्या कधी डोक्यातच आले नव्हते.

२०२४ च्या पावसाळ्यात रात्री समोरून येणाऱ्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसू लागले आणि पांढरी साडी कितीही धुतली तरी पिवळट वाटू लागली. तपासणीत उजव्या डोळ्यात बऱ्यापैकी पिकलेला आणि डाव्यात सुरुवातीचा मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया करायची हे ठरलेलेच होते. प्रश्न आला तो भिंगाचा. डॉक्टरांनी टेबलावरचा चहाचा चमचा उलटा धरून दाखवला. चमच्याची पाठ लांबीच्या दिशेने कमी वळलेली असते आणि रुंदीच्या दिशेने जास्त. तुमच्या बुबुळाचा पारदर्शक पृष्ठभाग तसा आहे, म्हणून प्रकाश एका बिंदूत न जुळता दोन वेगवेगळ्या अंतरांवर जुळतो, असे ते म्हणाले. साधे भिंग घातले तर साडेपाचचा नंबर जाईल, पण बुबुळाचा वाकडेपणा तिथेच राहील आणि सिलिंडरसाठी दूरचा चष्मा लावावाच लागेल. टोरिक भिंगात मात्र एका दिशेला जास्त आणि तिच्या काटकोनातल्या दिशेला कमी शक्ती असते. ते डोळ्यात नेमक्या कोनात बसवले की बुबुळातला दोष आतल्या आत फिटतो. "नेमक्या कोनात म्हणजे किती नेमक्या?" असे मी विचारले. "पाच अंशांच्या आत, काकू," असे त्यांनी उत्तर दिले, आणि त्या क्षणापासून मला या भिंगात रस वाटू लागला.

मोजमापाचा भाग मी समजत होते त्याहून बराच मोठा निघाला. आधी डोळ्याची लांबी घेतली गेली, ती २६.१ मिलिमीटर भरली. सर्वसाधारण डोळा साडेतेवीसच्या आसपास असतो आणि उणे नंबरवाल्यांचा लांब असतो, ही माहिती तपासणाऱ्या मुलीने दिली. मग बुबुळाची वक्रता. त्या यंत्रात हनुवटी टेकवून समोरच्या ठिपक्याकडे पाहायचे असते आणि पापणी लवली की वाचन वाया जाते. पहिल्या दिवशी तीन वाचने घेतली आणि तीनही वेगळी आली. अक्ष एकदा ७६, एकदा ८८ आणि एकदा ८१. मुलीने मला काँटॅक्ट लेन्स वापरता का, असे विचारले, कारण त्या वापरणाऱ्यांच्या बुबुळाचा आकार दाबाने बदलतो आणि मोजमापाआधी त्या काही दिवस, कडक लेन्स असतील तर काही आठवडे, बंद ठेवाव्या लागतात. मी वापरत नव्हते. दोष निघाला कोरडेपणाचा. अश्रूंचा थर सारखा नसेल तर प्रकाशाचे प्रतिबिंब थरथरते आणि यंत्र त्या थरथरीलाच वक्रता समजते. मला दोन आठवडे कृत्रिम अश्रूंचे थेंब दिवसातून सहा वेळा घालायला सांगून परत बोलावले. दुसऱ्या खेपेला तीनही वाचने एका अंशाच्या फरकात जुळली: सपाट दिशा ४३.१० डायॉप्टर (भिंगाच्या शक्तीचे एकक), तीव्र दिशा ४५.३५ डायॉप्टर, आणि ती ८२ अंशांवर, म्हणजे चिठ्ठीवरच्या १७२ च्या बरोबर काटकोनात. हे दोन आठवडे थांबलो नसतो तर पुढचे सगळे गणित कच्च्या पायावर उभे राहिले असते. शस्त्रक्रिया पुढे ढकलली म्हणून घरी कुरकुर झाली, ती मी मनावर घेतली नाही.

४५.३५ मधून ४३.१० वजा केले की सव्वादोन उरतात. म्हणजे सव्वादोनचे भिंग घालायचे, असा माझा सरळ हिशेब होता. तो चुकीचा होता. बुबुळाला मागची बाजूही असते आणि तिचाही थोडा वाकडेपणा असतो, जो बहुतेकांच्या डोळ्यात पुढच्या बाजूच्या उभ्या दोषाला काही अंशी कापतो; शिवाय शस्त्रक्रियेसाठी बुबुळाच्या कडेला जो सव्वादोन-अडीच मिलिमीटरचा छेद घेतात, त्यानेही त्या दिशेची वक्रता किंचित सपाट होते. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ ग्रॅहम बॅरेट यांचे सूत्र हे सगळे धरून उत्तर देते. माझ्यासाठी ते आले साडेतेरा शक्तीचे भिंग, त्यावर ३ डायॉप्टरचा सिलिंडर, अक्ष ८२. भिंग डोळ्याच्या आत मागे बसत असल्याने त्यावरच्या ३ डायॉप्टरचा बुबुळाच्या पातळीवरचा परिणाम साधारण २ इतकाच होतो, हे डॉक्टरांनी न विचारता सांगितले.

पैशांचे थोडक्यात सांगते. साध्या भिंगापेक्षा हे भिंग २२,००० रुपयांनी महाग पडले आणि विमा कंपनीने तो फरक देण्यास नकार दिला. पत्रात ७.५ डायॉप्टरपेक्षा कमी दृष्टिदोष सुधारण्याचा खर्च वगळणारे कलम उद्धृत केले होते. मोतीबिंदू काढायचाच आहे आणि भिंग घालायचेच आहे, मग त्याच भिंगाने दुसरा दोष फिटला तर तो 'चष्मा घालवण्याचा' खर्च कसा, हा माझा मुद्दा दोन पत्रे लिहूनही कोणाच्या गळी उतरला नाही. मी तो नाद सोडला.

प्रतीक्षेच्या दिवसांत मला जॉर्ज एअरी या ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञाविषयी वाचायला मिळाले. त्याच्या डाव्या डोळ्याला चांदणीचा बिंदू लांबट रेषेसारखा दिसे. त्याने पुठ्ठ्याला बारीक छिद्र पाडले, त्यातून येणारा प्रकाश डोळ्यापासून किती अंतरावर कोणत्या दिशेची रेषा होतो ते मोजले आणि १८२५ च्या सुमारास स्वतःसाठी सिलिंडरच्या आकाराचे भिंग घासून घेतले. त्याच्याही आधी, १८०१ मध्ये, थॉमस यंग याने स्वतःच्या डोळ्यातला हाच दोष नोंदवला होता. दोघांनीही आपला डोळा आपणच मोजला, ही गोष्ट मला पुढे फार उपयोगी पडली.

शस्त्रक्रियेच्या सकाळी बाहुली मोठी करणारे थेंब दर पंधरा मिनिटांनी घातले गेले. त्यानंतर मला आडवे न करता खुर्चीत ताठ बसवले, समोर भिंतीवरच्या खुणेकडे पाहायला सांगितले आणि डॉक्टरांनी जांभळ्या शाईने बुबुळाच्या कडेला डावीकडे व उजवीकडे एकेक बारीक खूण केली. माणूस आडवा झाला की डोळा खोबणीत स्वतःभोवती काही अंश फिरतो, कोणाचा दोन, कोणाचा सात-आठ. म्हणून शून्य आणि एकशेऐंशीची रेघ बसलेल्या स्थितीतच आखून घ्यावी लागते. काही ठिकाणी आता हे काम डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या रक्तवाहिन्यांचे छायाचित्र घेऊन संगणक करतो; इथे शाई होती. शाई ओल्या पृष्ठभागावर पसरते, हे मला माहीत होते. खूण किती जाडीची झाली आहे, असे मी विचारले तेव्हा परिचारिका हसली, पण डॉक्टर हसले नाहीत. जाड खूण म्हणजे दोन-तीन अंशांची अनिश्चितता, हे त्यांनी मान्य केले.

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया वीस मिनिटांत आटोपली. भूल केवळ थेंबांची होती. डोळ्यासमोर तीन दिव्यांचा झगझगीत गोळा, त्यात पाणी हलल्यासारखे तरंग, आणि यंत्राचा चढत-उतरत जाणारा सूर, एवढेच लक्षात राहिले. शेवटी शेवटी "फिरवतोय, फिरवतोय, थांबा" असे डॉक्टर स्वतःशीच पुटपुटले, आणि तो गोळा एकाएकी काठ धरल्यासारखा रेखीव झाला.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर रंग पाहून मला गहिवरून आले. देव्हाऱ्यातले कुंकू इतके लाल असते हे मी विसरलेच होते. पण तक्त्यावरची अक्षरे चौथ्या ओळीनंतर चालेनात. अंधुक होती असे नव्हे. प्रत्येक अक्षराला एक तिरपी सावली होती, जणू ट्रेसिंगचा कागद खालच्या मूळ नकाशावरून जरासा सरकला आहे. सूज आहे, चार दिवसांत उतरेल, असे सांगण्यात आले. चार दिवसांनी फोन केला तेव्हा "होईल हळूहळू, मावशी" असे उत्तर मिळाले. आठव्या दिवशी सीबीएस बसस्थानकावर उभी राहून बसच्या पाट्या वाचत होते, तेव्हा 'दिंडोरी' या शब्दाची सावली ज्या दिशेला होती त्याच दिशेला 'पेठ'ची होती आणि 'त्र्यंबकेश्वर'चीही. सुजेने येणारा अंधुकपणा सगळीकडे सारखा असायला हवा होता. हा एकाच कोनात होता.

घरी आले आणि ड्रॉइंगचा जाड कागद, कोनमापक व जुने ०.५ चे पेन काढले. मध्यबिंदूतून दर दहा अंशांवर एक, अशा अठरा आरपार रेघा आखल्या. सगळ्या एकाच जाडीच्या, एकाच शाईच्या. ही खबरदारी महत्त्वाची, कारण एखादी रेघ जरी दाट झाली तरी प्रयोग फसतो. कागद स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर चिकटवला, डावा डोळा झाकला आणि मागे मागे सरकत गेले. पाचेक फुटांवर एक रेघ काळीभोर, टोकापर्यंत धारदार दिसू लागली आणि तिच्या काटकोनातली रेघ राखाडी पट्ट्यासारखी पसरली. ठळक रेघ घड्याळातल्या दहा आणि चार यांना जोडणाऱ्या रेघेसारखी होती. यजमानांना तिथेच उभे करून विचारले, तर त्यांना सगळ्या रेघा सारख्याच दिसत होत्या. "अहो, नीट बघा" असे म्हणून मी त्यांना दोनदा पाहायला लावले. चष्म्याच्या चिठ्ठीवरचा कोन समोर बसलेल्या डॉक्टरांच्या बाजूने मोजतात, म्हणजे आपल्या दृष्टीने तो आरशातल्यासारखा उलटा असतो, हे समजायला मला अर्धा तास लागला. ते लक्षात घेतल्यावर माझी ठळक रेघ ३० अंशांवर पडत होती. आयुष्यभर माझा अक्ष १७२ होता. बुबुळ आठ दिवसांत बदलत नाही. म्हणजे आत घातलेले भिंगच हलले होते.

तो कागद गुंडाळी करून मी रुग्णालयात गेले. खिडकीवरच्या मुलीने पुढच्या आठवड्याची वेळ देऊ केली, ती मी घेतली नाही आणि बाकावर बसून राहिले. दुपारी डॉक्टरांनी स्वतः बोलावले, कागद उलगडून पाहिला आणि काही न बोलता बाहुली मोठी करायचे थेंब घालायला सांगितले. हे आधीच का केले नाही, अशी माझी तक्रार होती आणि अजूनही आहे, कारण भिंगावरच्या खुणा कडेला असतात आणि बाहुली मोठी केल्याशिवाय त्या दिसत नाहीत. दुसऱ्या दिवशीच पाहिले असते तर आठ दिवस वाचले असते. तपासणीच्या यंत्रात प्रकाशाची चीर फिरवून ती भिंगावरच्या ठिपक्यांवरून नेली की तिचा कोन बाजूच्या पट्टीवर वाचता येतो. तो निघाला ६४. नंबर काढला तेव्हा अधिक अर्धा आणि सिलिंडर उणे सव्वा, अक्ष २८. मी तीस वाचले होते.

अठरा अंशांनी एवढे काय बिघडते, असे कोणालाही वाटेल. हिशेब असा आहे की भिंग योग्य कोनापासून एक अंश सरकले की त्याच्या सिलिंडरच्या कामातला सुमारे ३.३ टक्के भाग वाया जातो. दहा अंशांना एक-तृतीयांश, आणि तीस अंशांना सगळेच. तीसच्या पुढे गेले तर भिंग नसते तर बरे झाले असते अशी गत होते, कारण मूळ दोष तसाच राहून वर भिंगाचा नवा दोष चढतो. माझ्या अठरा अंशांनी साठ टक्के गमावले होते. शिवाय उरलेला दोष जुन्या अक्षावर न राहता भलत्याच तिरप्या कोनात आला, म्हणून जुना चष्मा डोळ्यापुढे धरून पाहण्यातही अर्थ नव्हता.

भिंग कशामुळे फिरले, याचे डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला पटले. मोतीबिंदू ज्या पारदर्शक पिशवीत असतो, ती रिकामी करून तिथेच हे भिंग बसवतात. लांब डोळ्याची पिशवीही मोठी असते आणि भिंग एकाच मापाचे. ढगळ चौकटीत काच हलावी तसे ते पहिल्या काही तासांत, पिशवी त्याला चिकटण्याच्या आधी, सरकू शकते. शस्त्रक्रियेच्या वेळी पिशवी फुगवून ठेवायला चिकट जेल वापरतात. त्याचा अंश भिंगामागे राहिला तर घसरण सोपी होते. उभ्या अक्षावर बसवलेली भिंगे आडव्यापेक्षा जास्त सरकतात, असाही अनुभव असल्याचे ते म्हणाले. त्यांनी कशाचाही दोष माझ्यावर टाकला नाही, ही त्यांच्याविषयीची माझी चांगली आठवण आहे. तुम्ही वाकला असाल, डोळा चोळला असेल, हे मला इतरांकडून ऐकावे लागले होते.

चष्मा लावून भागवायचे की भिंग परत फिरवायचे, असे दोन पर्याय होते. फिरवायचे तर पहिल्या एक ते तीन आठवड्यांत, म्हणजे पिशवी आकसून भिंगाला धरू लागलेली असते पण अजून सुटण्याजोगी असते तेव्हा. फार लवकर केले तर ते पुन्हा सरकते, फार उशीर केला तर पिशवी फाटण्याचा धोका वाढतो. कितीवर न्यायचे, याचे उत्तर मूळ आराखड्यात पाहून चालत नाही; भिंगाची आजची जागा, आजचा नंबर आणि भिंगाचा सिलिंडर यांवरून ते नव्याने काढतात. जॉन बर्डाल आणि डेव्हिड हार्डटेन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी त्यासाठी गणक तयार केला आहे. डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्यात आकडे भरले. उत्तर ८२ आले, म्हणजे मूळ मोजमाप बरोबर होते. कोरड्या डोळ्याचे ते दोन आठवडे मला त्या वेळी फार मोलाचे वाटले.

सोळाव्या दिवशी पुन्हा तोच गोळा, तेच तरंग. जुन्याच छेदातून आत जाऊन पिशवी फुगवली, भिंग सोडवले आणि फिरवले. नंतर कळले ते मला सर्वांत आवडले: भिंगाला दोन वाकडे पाय असतात आणि ते अशा रीतीने वळलेले असतात की भिंग घड्याळाच्या दिशेने सहज फिरते, उलटे नेताना मात्र पाय अडतात. ६४ वरून ८२ वर जायला अठरा अंश उलटे जावे लागले असते; त्याऐवजी डॉक्टरांनी ते १६२ अंश सुलट नेले. रेघेला दोन्ही टोके सारखीच, त्यामुळे अर्ध्या वर्तुळाला अठरा कमी पडले तरी ती त्याच ठिकाणी येते. दहा मिनिटांत काम झाले. शल्यविशारदाची फी घेतली नाही. साहित्याचे ४,००० रुपये मात्र बिलात लागले.

दुसऱ्या दिवशी बाहुली मोठी करून भिंग पाहिले गेले, मी सांगायच्या आतच. ८१. एका महिन्यानंतरही ८१. दूरचा नंबर सिलिंडर उणे पाव उरला, तो मी घेतला नाही; तक्त्यावरची शेवटची ओळ मला वाचता येते. वाचायला अडीचचा चष्मा लागतो, कारण हे भिंग एकाच अंतरासाठी आहे, आणि हे आधी सांगितलेले होते. मधल्या काळात एक डोळा शून्यावर आणि दुसरा उणे पाचवर, अशी विचित्र अवस्था सोसावी लागली; जिना उतरताना पायऱ्या दोन उंचींच्या दिसत. म्हणून डावा डोळा फार न लांबवता दोन महिन्यांनी केला. त्या वेळी पिशवी ताणून धरणारी एक बारीक कडी भिंगासोबत बसवली आणि पहिले दोन तास मला उताणे झोपवून ठेवले. या डोळ्याचा अक्ष ९८ ठरला होता. दुसऱ्या दिवशी वाचला तो ९६. दोन अंश सोडून दिले.

घरी जाताना भिंगाचे कार्ड देतात. त्यावर भिंगाच्या डबीवरची चिकटपट्टी असते: शक्ती, सिलिंडर, अनुक्रमांक, मुदत. भिंग डोळ्यात कोणत्या कोनात बसले आहे, यासाठी रकाना नाही. मी डॉक्टरांना तो आकडा लिहून द्यायला सांगितले. त्यांनी कार्ड आडवे धरून समासात पेनाने लिहिले: उजवा ८१, डावा ९६, आणि खाली तारीख.